काचेवर नसलेला माणूस

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतच वाचलेत. कोणाला विहिरीवर बाई दिसली, कोणाच्या मागे पैंजण वाजले... मी लगेच मनात खोट काढायचे. उजेड कमी असेल, ताप असेल, ऐकीव असेल. माझा पेशाच तसा आहे. मी एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, एकवीस वर्षं झाली. करंट कुठून आला आणि कुठे गेला हे सापडेपर्यंत मी मुलांना जागचं उठू देत नाही. देवधर्म, अंगारे-धुपारे आमच्या घरात कधीच नव्हते. वडिलांनी ते लहानपणीच मोडून काढलं होतं.

तरीही लिहितेय. मला घाबरवायचं नाहीये कोणाला. हे सगळं दिवसाढवळ्या घडलंय, आमच्या सावेडीच्या फ्लॅटच्या गॅलरीत, खाली भाजीवाल्याची रिक्षा ओरडत असताना. माझी एकच इच्छा आहे — वाचणाऱ्यांपैकी कोणाला यातली तांत्रिक चूक दिसली तर सांगावी. मला चूक सापडायला हवी आहे हो.

माझे वडील — आम्ही त्यांना दादा म्हणतो — कोपरगावला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. आई गेल्यावर आणि ते रिटायर झाल्यावर मी त्यांना नगरला आणलं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं.) घरात आम्ही तिघं: मी, माझा नवरा राजेश आणि दादा. गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर दादांना पॅरालिसिसचा अटॅक आला. वय शहात्तर. डावी बाजू लुळी पडली. बोलणं थोडं जड झालं, पण समजत होतं. डोकं शाबूत होतं. हे मी मुद्दाम लिहितेय. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं.

घरी फिजिओथेरपीला एक मुलगी यायची, रोज साडेचारला. ती म्हणाली, पाय हळूहळू येईल, पण बोटांना काम द्या. तिने रबरी बॉल दिला. दादा दोन दिवस दाबत बसले आणि तिसऱ्या दिवशी गॅलरीतून खाली टाकून दिला. म्हणाले, "मी काय लहान हाय का, बॉल खेळाया?"

मग मला तो गेम आठवला.

माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात एक जुनी सुटकेस होती, त्यात होता. हातात मावेल एवढा, करड्या रंगाचा, दोन्ही अंगठ्यांनी खेळायचा. डावीकडच्या बटणांनी विमान डावीकडे-उजवीकडे न्यायचं, उजवीकडच्या लाल बटणाने गोळी झाडायची. लढाऊ विमानांचा एक इंग्रजी पिक्चर आला होता, त्याच्यावरून काढलेला गेम. वरती पिक्चरचं नाव आणि मागे हिरोचं स्टिकर होतं, ते घासून घासून पांढरं पडलेलं. एका सहा डिसेंबरला दादा दादरला गेले होते, तेव्हा तिथल्या फुटपाथवरून त्यांनी तो माझ्या धाकट्या भावासाठी आणला होता. मिलिंदसाठी.

मी त्याचे सेलचे कॉन्टॅक्ट खोडरबराने घासले, स्पिरिटने पुसले, घड्याळात घालतात तसले दोन बटण-सेल घातले — आणि तो चक्क सुरू झाला. टी टी टी... तो आवाज ऐकून दादांनी मान वळवली. मग उजवा हात पुढे केला.

इथे मिलिंदबद्दल सांगायला हवं.

मिलिंद माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्याला विमानांचं वेड होतं, पण विमान त्याने फक्त या गेममध्ये आणि आभाळात पाहिलेलं. बारावीनंतर त्याने एअरफोर्समध्ये एअरमनसाठी फॉर्म भरला. लेखी पास झाला. मेडिकलला काढला — रंगांधळेपणा. लाल आणि हिरवा त्याला सारखाच दिसायचा, हे आम्हालाही तोपर्यंत माहीत नव्हतं. मग तो नाशिकला कॉलेजला गेला. म्हणजे आम्हाला तसं सांगितलं. दोन वर्षं तो कॉलेजला जातच नव्हता, एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात काम करत होता. हे मला त्याच्या एका मित्राकडून कळलं आणि मी दादांना सांगितलं.

त्याने मला विनवलं होतं, "ताई, एक महिना थांब, मीच सांगतो." मी थांबले नाही. मला वाटलं, मी बरोबर करतेय.

दादा मारणारे नव्हते. ते फक्त बोलले. मिलिंद सुट्टीला आला होता, ओट्यावर बसून हाच गेम खेळत होता. दादा म्हणाले, "बावीस वर्षांचा झाला, अन् हे खेळतो. आम्हाला दोन वर्सं खेळवलं ते निराळंच. जा तू. काहीतरी हो अन् मग ये." मिलिंदने गेम तिथेच ओट्यावर ठेवला. चप्पल घातली. आम्हाला वाटलं, नदीकडे गेला असेल, येईल जेवायला.

तो आला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढची बावीस वर्षं नाही.

दादांनी पोलिसात दिलं. नाशिक, सुरत, पुणे, मुंबई — सुट्टी मिळाली की ते फोटो घेऊन जायचे. ड्रायव्हर-कंडक्टर लोकांनी डेपोडेपोत फोटो लावले. आई आठव्या वर्षी गेली. तिच्यानंतर आम्ही त्याचं नाव घेणं बंद केलं. एवढंच.

तर, दादा गेम खेळायला लागले. रोज दुपारी तीन ते साडेचार, गॅलरीतल्या खुर्चीत. आधी डावा अंगठा हलतच नव्हता. मी गेम त्यांच्या हातात धरून ठेवायचे. महिनाभराने अंगठा हलायला लागला. फिजिओवाली इतकी खूश झाली की तिने वहीत रोजची नोंद ठेवायला लावली: किती मिनिटं खेळले, किती स्कोअर. ती वही अजून माझ्याकडे आहे, आणि पुढचं सगळं त्या वहीवरच टेकलेलं आहे.

आता हा गेम कसा चालतो ते थोडं सांगते. मोबाईलच्या स्क्रीनसारखी ही स्क्रीन नसते, तिच्यावर कुठलंही चित्र उमटू शकत नाही. कॅल्क्युलेटर आठवा. त्यातला आठ सात दांड्यांचा असतो, त्याच दांड्या कमी-जास्त पेटवून बाकीचे आकडे होतात. त्या दांड्या काचेवर आधीच बनवलेल्या असतात. तुम्ही कॅल्क्युलेटरवर 'क' काढू शकत नाही, कारण तो काचेत नाहीच. या गेमचंही तसंच. आपलं विमान खाली तीन जागांवर, शत्रूची विमानं, क्षेपणास्त्रं, स्फोटाचं चित्र — सगळं काचेत ठरलेलं. मागे एक रंगीत कागद, त्यावर निळा समुद्र आणि विमानवाहू जहाज. यापलीकडे त्या काचेवर काही दिसणं शक्य नाही. अवघड आहे असं नाही म्हणत मी. शक्य नाही.

मार्चचा दुसरा आठवडा. गुरुवार. आयटीआयला अर्धा दिवस होता, म्हणून मी घरी होते, आत पेपर तपासत. चार वाजून गेले असतील. दादांनी हाक मारली, "सुजे... ए सुजे!"

मी धावत गेले. मला वाटलं पडले. तर ते खुर्चीतच होते, गेम मांडीवर, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण चेहरा हसरा. मी त्यांना तसं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"काय झालं दादा?"

"छत्री आली गं."

"कसली छत्री?"

"हवाई छत्री. इमान पडलं, अन् त्यातला मानूस छत्री घिऊन खाली आला. असा... हळूहळू... असा." त्यांनी उजव्या हाताने चार टप्पे दाखवले. "उतरला. पायावर उतरला बघ."

मी स्क्रीन पाहिली. गेम संपलेला होता, नुसता स्कोअर.

मी त्यांना समजावलं. कागदावर काच काढून दाखवली, कॅल्क्युलेटर आणून दाखवला. विद्यार्थ्यांना शिकवते तसं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. आयुष्यभर इंजिनं उघडलेला माणूस तो. मग म्हणाले, "तू सांगते ते खरंच असंल. मी बघितलं ते बी खरं हाय."

"दादा, औषधांनी होतं असं कधीकधी."

"मिल्या जित्ता हाय, सुजे."

आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ते नाव आलं होतं. आणि मला राग आला... कशाचा आला ते आजही नीट सांगता येणार नाही.

"जवळच हाय त्यो," ते म्हणाले. "छत्रीच्या मागं डोंगर हुता. उभा सुळका. अकोल्याकडं असत्यात तसला. मी अकोले-राजूर गाडीसंगं गेल्तो की कितीदा, ब्रेकडाऊनला. वळखतो मी."

"मागे समुद्राचा कागद आहे दादा. डोंगर कुठला?"

"डोंगर हुता. मला तिकडं घिऊन चल. राजेशरावांना सांग, गाडी काढा म्हनावं. एक दिवस चल फकस्त."

मी म्हटलं, तुम्हाला जिना उतरवायला दोन माणसं लागतात. चार तासांचा रस्ता आहे. तिथे जाऊन काय करणार, डोंगराला विचारणार? मी म्हटलं, मेच्या सुट्टीत बघू. ते म्हणाले, "मे लई लांब हाय." मी वहीत लिहिलं: 'गुरुवार. भ्रम झाला. डॉक्टरांना विचारणे.' आणि मी... हे लिहायला मला फार जड जातंय... मी गेममधले सेल काढून घेतले. त्यांच्या समोर.

दुसऱ्या दिवशी फिजिओवाली आली तेव्हा त्यांनी हात पुढे केला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर रोज एकदा, मी कामावरून आले की विचारायचे, "सुट्टी टाकली का?" मी म्हणायचे, परीक्षा आहेत दादा. आठ-दहा दिवसांनी त्यांनी विचारणं सोडलं. वहीत त्या दिवसांसमोर मी नुसत्या रेघा मारल्यात.

राजेश मला एकदा म्हणाला, "नेऊन आणू ना एका रविवारी. फिरणं होईल त्यांचं." मी म्हटलं, एकदा नेलं की दर रविवारी न्यावं लागेल. आशा लावायची नाही त्यांना. मी आईला त्या आशेत मरताना पाहिलं होतं, म्हणून म्हटलं. निदान तेव्हा मी स्वतःला हेच कारण दिलं.

त्या गुरुवारनंतरचा चोविसावा दिवस. एप्रिलचा पहिला-दुसरा आठवडा, रविवार. जेवणं झाल्यावर दादा म्हणाले, "त्यो गेम दे. हात आखडला." मला बरं वाटलं. मी सेल घातले, आणि या वेळी स्टूल घेऊन शेजारी बसले. काय दिसतं ते मलाच बघायचं होतं.

ऊन कलतं होतं, पण गॅलरीत उजेड भरपूर. माझा चष्मा डोळ्यांवर. राजेश आत चहा टाकत होता, मला भांड्यांचा आवाज येत होता. दादा तिसऱ्या लाईफवर होते. क्षेपणास्त्र आलं, त्यांचा अंगठा हलला नाही, विमानावर आदळलं. आता स्फोटाचं चित्र यायला हवं.

आलं नाही. स्क्रीन कोरी झाली, अगदी कोरी, स्कोअरसुद्धा नाही. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात एक माणूस उमटला.

तांदळाच्या दाण्याएवढा असेल. काळा, रेखीव. दोन हात, दोन पाय. त्याच्या डोक्यावर छत्री नव्हती. टी. तो एक टप्पा खाली आला. टी. आणखी एक. हात वर गेलेले. टी. चौथ्या टप्प्याला तो खालच्या कडेला आडवा होता, आणि तिथेच राहिला. दोन-तीन सेकंद. मग नेहमीसारखा स्कोअर आला.

मागे समुद्रच होता. मला डोंगर दिसला नाही. पण माणूस दिसला.

दादांनी गेम मांडीवर पालथा ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेला."

राजेश चहा घेऊन आला आणि त्याच वेळी बेल वाजली, फिजिओवाली आली होती. म्हणजे साडेचारला दोन-चार मिनिटं कमी.

मी त्याच संध्याकाळी तो गेम उघडला. चार स्क्रू. काच काढली, भिंगाखाली धरली. मग प्रत्येक कॉन्टॅक्टला एकेक करून सप्लाय दिला आणि जे जे चित्र उमटेल ते वहीत उतरवलं. आकड्यांच्या दांड्या एकवीस. आपलं विमान तीन. शत्रूची विमानं नऊ. क्षेपणास्त्रं नऊ. स्फोट तीन. उरलेल्या लाईफ दाखवणारी छोटी विमानं तीन. एकूण अठ्ठेचाळीस. दोनदा केलं. माणूस नाही. त्या काचेत माणूस कुठेच नाही.

त्या दिवसापासून दादांनी बोलणं जवळजवळ थांबवलं. जेवण दोन घासांवर आलं.

बुधवारी सकाळी मी वर्गावर असताना फोन आला. अनोळखी नंबर. पलीकडून एक बाप्या, दबक्या आवाजात, "ताई बोलताय का? म्हंजी... हितं वहीत 'ताई' एवढंच लिव्हलंय. मी राजूरवरनं बोलतोय, सोमा. तुमचं कोनी मिलिंद नावाचं हाय का?"

मी फोन कानाला लावूनच वर्गाबाहेर आले.

राजूर हे अकोले तालुक्यातलं डोंगरातलं गाव. आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांचा बाजार तिथे भरतो. तिथे सोमाभाऊंचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मिलिंद त्यांच्याकडे अकरा वर्षं काम करत होता. दुकानामागच्या खोलीत राहायचा. लग्न नाही. त्याआधी कुठे कुठे होता ते त्याने त्यांना कधी सांगितलं नाही. रविवारी तो पाण्याच्या उंच टाकीवर मोटारीचं काहीतरी बघायला चढला होता. वरच्या शिडीवरून पाय सटकला. जागेवरच गेला. किती वाजता, मी विचारलं. सोमाभाऊ म्हणाले, "चार वाजून गेल्ते. साडेचार न्हवते झाले."

घरचे कोण, हेच कोणाला माहीत नव्हतं. तीन दिवस पोलीस शोधत होते. बुधवारी त्याच्या खाटेखाली एक बॅग सापडली, तिच्यात छोटी वही, आणि वहीत माझा नंबर. त्याने तो कुठून मिळवला कोण जाणे. मला त्याचा फोन कधी आला नाही.

निघताना मी दादांना सांगितलं. मी त्यांच्या पायाशी बसले होते. मी म्हटलं, "दादा, मिलिंद सापडला. पण..." ते म्हणाले, "ठावं हाय. कुठं?"

"राजूरला."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "अकोल्याकडंच की." आणि डोळे मिटले.

राजेशने गाडी काढली. संगमनेर, अकोले, राजूर. चार तासही लागले नाहीत. अकोल्याच्या पुढे डोंगर सुरू झाले तेव्हा मी खिडकीबाहेर बघू शकले नाही.

त्याला मी ओळखलं. कानांपाशी केस पांढरे झाले होते. झोपलेल्या दादांसारखा दिसत होता.

कागदपत्रं होईपर्यंत आम्ही सोमाभाऊंच्या दुकानात बसलो. साधा, साठीचा माणूस. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. ते म्हणाले, "महिना झाला न्हाई अजून, असाच पडला हुता. दुमजली घराच्या पत्र्यावर सोलर बसवत हुता, तिथनं. पर खाली भाताच्या पेंढ्याची गंजी हुती. एक ओरखडा न्हाई. तरी मीच न्हेला दवाखान्यात." त्यांनी ड्रॉवरमधून केस पेपर काढून दाखवला. त्यावर तारीख होती. मी मोबाईलमध्ये वहीचा फोटो काढून ठेवला होता, डॉक्टरांना दाखवायला. गुरुवार. तोच. वेळ घातली होती चार पन्नास — दवाखान्यात पोचल्याची. पडला त्याच्या अर्धा तास आधी.

"त्या दिसापास्नं त्यो निराळाच झाला," सोमाभाऊ सांगत होते. "मला म्हनला, सोमाभाऊ, खाली येताना मला बापच दिसला. आता घरी जाऊन येतो. बॅग भरली. बापासाठी नवी चप्पल घेतली, नऊ नंबर. म्हनला, नऊच नंबर हाय दादांचा. सकाळी स्टँडवर जायचा अन् परत यायचा. असं चार-पाच येळा झालं. मी म्हनलं, अरे जात का न्हाईस? तर म्हनला, दारात उभं राहायची हिंमत न्हाई. कोनी न्यायला आलं असतं, तर उठून गेलो असतो..."

ते पुढेही बोलत होते. मला ऐकू येत नव्हतं. चोवीस दिवस. तो स्टँडवर जाऊन परत येत होता, आणि इकडे एक म्हातारा रोज मला विचारत होता, सुट्टी टाकली का.

बॅग सोमाभाऊंनी माझ्यासमोर ठेवली. दोन शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान, आणि ती चप्पल. खोक्यातच होती. मी शर्ट घेतले. चप्पल त्यांच्याकडेच राहू द्या म्हटलं. त्यांना नवल वाटलं असेल. राजेशने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मिलिंदला आम्ही नगरला आणलं. दादांना खुर्चीसकट खाली उतरवलं, दोन माणसांनीच. त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला — डावा. तोच अंगठा, जो गेम खेळून हलायला लागला होता. त्या अंगठ्याने ते त्याच्या भुवईवरून हळूहळू फिरवत राहिले. अमरधामला न्यायची वेळ झाली तेव्हा मला तो हात उचलून बाजूला करावा लागला.

यावर मी खूप वाचलं, खूप विचारलं. आमच्या डिपार्टमेंटमधल्या सरांनी सांगितलं, जुन्या काचेत गळती होऊन डाग दिसतात. डाग चार टप्प्यांत उतरत नाहीत. एका मानसोपचार डॉक्टरांनी सांगितलं, तुमच्या मनावर वडिलांच्या बोलण्याचा परिणाम होता, तुम्ही ते पाहण्याच्या तयारीतच बसला होतात. असेल. पण मी छत्री बघायच्या तयारीत बसले होते, आणि छत्री नव्हती. आणि केस पेपरवरच्या तारखेचं काय? वहीतल्या माझ्याच अक्षराचं काय? कोणाकडेच उत्तर नाही. माझ्याकडे तर नाहीच. गेमचे सुटे भाग एका डब्यात घालून ठेवलेत. जोडायला हात धजत नाहीत.

पण उत्तर नाही म्हणून मी हे लिहिलेलं नाही. जे कोणालाच सांगितलं नाही ते सांगायला लिहिलंय.

मिलिंदच्या जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी दादांनी मला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता. म्हणाले, "तिथं लोकांशी बोलली असशील तू. माझं नाव काढायचा का त्यो कधी?"

माझ्या समोर सगळं होतं. बॅग, स्टँड, नऊ नंबर. एक वाक्य बोलले असते तर त्या माणसाला बावीस वर्षांनी... पण त्या वाक्यानंतर त्यांनी विचारलं असतं, कधी? बॅग कधी भरली त्यानं? आणि मग त्यांना कळलं असतं की ते म्हणत होते तेव्हाच, त्याच दिवसांत, तो आमची वाट बघत होता, आणि मी नेलं नाही.

मी म्हटलं, "नाही दादा. कोणालाच घरचं काही सांगितलं नव्हतं म्हणे त्याने."

"कधीच न्हाई?"

"कधीच नाही."

त्यांनी मान हलवली. "बरोबर हाय. मीच घालवला त्याला," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर ते सात आठवडे होते. रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगायचं. जूनमध्ये दादा गेले. ते तसंच समजून गेले.